मीठ विरघळवता, तसा क्षार वितळवूनही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयनिक संयुगे, म्हणजे मिठासारखी विद्युतभारित कणांची (आयनांची) बनलेली संयुगे, स्थायू अवस्थेत वीज वाहून नेत नाहीत, वितळल्यावर आणि पाण्यात विरघळल्यावर नेतात, हे वाक्य दहावीची मुले तोंडपाठ म्हणतात. यातला पाण्याचा प्रयोग वर्गात होतो, कोरड्या मिठाचा कसाबसा उरकतो आणि वितळलेल्या क्षाराचा बहुतेक ठिकाणी होतच नाही. खरे तर पटवून देणारा प्रयोग तोच, कारण त्यात पाणी नसते. तो न पाहिल्यामुळे 'मीठ पाण्यात टाकले की आयन तयार होतात' असे उत्तर सर्रास लिहिले जाते. आयन खड्यात आधीपासूनच असतात, फक्त जागच्या जागी जखडलेले. मिठाच्या स्फटिकात सोडिअम-क्लोरिनच्या सुट्या जोड्या नसतात, हे विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्येच दाखवले.

मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, ते शाळेच्या बर्नरवर जमणार नाही. सोरा, म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, ३३४ अंशांना वितळतो. पोर्सेलिनच्या मुशीत १० ग्रॅम पूर्ण कोरडा सोरा घ्यावा. त्यात स्टेनलेस स्टीलच्या दोन जाड तारा एक सेंटिमीटर अंतरावर उभ्या धराव्यात. या तारांशी ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध आणि लाल एलईडी एकसर जोडावेत. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा. उलटा लावला तर काहीच पेटत नाही आणि दोष सोऱ्यावर जातो. तारांना वायर जोडणारे चिमटे मुशीपासून १०-१२ सेंटिमीटर वर लावावेत, नाहीतर वायरचे प्लास्टिक वितळते.

सोरा वितळेपर्यंत एलईडी विझलेला राहतो आणि तारांमधला भाग वितळला की पेटतो. ज्योत काढल्यावर तो लगेच विझत नाही. वर साय धरली तरी गाभा अजून द्रव असतो. तो गोठत जाईल तसा प्रकाश मंद होतो. हा मंदावणारा प्रकाश मुलांनी पाहायलाच हवा.

इथे तारांऐवजी पेन्सिलीचे शिसे (ते खरे शिसे नव्हे, ग्राफाइट म्हणजे कार्बन असतो) मात्र कधीही वापरू नये. तापलेल्या सोऱ्यात कार्बन भडकून जळतो. कागद, लाकूड, साखर जवळ नको, पाण्याचा थेंबही नको. सगळा सोरा वितळला की आच काढावी, फार तापवल्यास तो विघटित होऊन ऑक्सिजन सोडू लागतो. प्रयोग चष्मा लावून शिक्षकांनीच करावा, मुले दोन मीटर लांब. काही जुन्या पुस्तकांतला शिशाच्या ब्रोमाइडचा प्रयोग करूच नये. शिसे आणि ब्रोमिनची वाफ दोन्ही विषारी आहेत.

कोरड्या मिठाची चाचणी कोकणात पावसाळ्यात हमखास फसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढते. खडेमिठात मॅग्नेशिअम क्लोराइड असते, त्यामुळे ते आणखी लवकर ओलावते आणि 'स्थायू मीठ वीज वाहते' असा निष्कर्ष निघतो. मीठ दहा मिनिटे तव्यावर भाजून, झाकून थंड करून लगेच वापरावे.

पाण्याच्या प्रयोगात टॉर्चचा बल्ब नको. त्याला दोन-तीनशे मिलिअँपिअर लागतात, सौम्य द्रावणातून तेवढी वीज जात नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात मीठ न घालताही एलईडी लुकलुकतो, म्हणून तुलनेला बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घ्यावे. तांब्याच्या तारांपैकी धन बाजूची तार मिठाच्या द्रावणात झिजते आणि पाणी गढूळ होते. मुलांना वाटते मिठानेच रंग बदलला. इथे पेन्सिलीचे शिसे चालते, पण क्लोरिन सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून मिनिटभरात थांबावे.

मुशीतला सोरा पूर्ण थंड झाल्यावर त्यातला थोडा त्याच शुद्ध पाण्यात विरघळवून त्याच तारांनी तपासला, की तिन्ही अवस्था एकाच पदार्थावर दाखवून होतात.

आपले,
विज्ञान शिक्षक, रत्नागिरी