संदर्भ मोजता, वाचता कधी?

महोदय,

‘जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत कोल्हापूरचे अमुक इतके’ ही बातमी दरवर्षी गणपती-नवरात्राच्या आगेमागे आपल्या दैनिकात येते. सोबत पुष्पगुच्छ देतानाचा फोटो असतो. यादीतल्या माणसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यातल्या काहीजणांना मीच फडताळातून मासिकं काढून दिली आहेत. माझं म्हणणं आपल्या बातमीबद्दल आहे, आणि त्याहून जास्त महाविद्यालयांच्या निवड समित्यांबद्दल.

आधी एक दुरुस्ती. जी यादी आपण ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाची’ म्हणून छापता, ती तिथले प्राध्यापक जॉन इओअ‍ॅनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस या साठ्यातल्या, कुणाच्या लेखांचा किती वेळा संदर्भ (सायटेशन) घेतला गेलाय त्या आकड्यांवरून काढतात. विद्यापीठानं दिलेला तो पुरस्कार नव्हे. आपणच आपले संदर्भ दिलेले असतात ते धरून एक हिशेब आणि वगळून दुसरा, असे दोन्ही त्यात असतात. बातमीत कुठला घेतलाय हे मला आजवर कळलेलं नाही.

माझी सगळी नोकरी ग्रंथपालाची. आधी कायद्याच्या ग्रंथालयात, नंतर विज्ञान शाखेच्या. दोन्हीकडे लोक सायटेशनच मागायला यायचे, पण मागण्यात फरक होता. वकील काउंटरवर कोपर टेकून विचारायचे, “मॅडम, हे रुलिंग अजून चालतंय का?” प्राध्यापक विचारायचे, “माझा पेपर कितीजणांनी घेतलाय बघा की.” वकिलाला आकडा नको असायचा. त्या निकालाचं पुढं काय झालं ते हवं असायचं: नंतरच्या कोर्टानं तो मानला, की ‘तो मुद्दा वेगळा’ म्हणून बाजूला ठेवला, की सरळ ओव्हररूल केला.

आमच्याकडच्या एआयआरच्या (‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहाच्या) जुन्या खंडांत समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी असायच्या. ‘ओव्हररूल, १९६२ पाहा.’ कुणी केल्या ठाऊक नाही. पुस्तकात लिहू नये ही पाटी माझ्याच टेबलावर होती, पण त्या नोंदी मी कधी खोडल्या नाहीत. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसानं १८७३ मध्ये याचाच धंदा केला. निकालाच्या शेजारी चिकटवायच्या डिंकाच्या पट्ट्या तो वकिलांना विकायचा. हा निकाल पुढं कुठल्या निकालात आला आणि त्याचं काय झालं ते पट्टीवर छापलेलं असे. पुढं युजीन गारफिल्ड यांनी तीच कल्पना विज्ञानासाठी उचलली. १९५५ मध्ये ‘सायन्स’ मासिकात त्यांनी ती मांडली आणि १९६४ पासून सायन्स सायटेशन इंडेक्स नियमित निघू लागला. म्हणजे सायटेशन मोजण्याचं हे सगळं शास्त्र निघालं वकिलाच्या कपाटातून. येताना कोण कुणाला घेतंय एवढं आलं. का घेतंय, ते कपाटातच राहिलं.

हे किती महाग पडतं ते धर्मस्वातंत्र्याच्या खटल्यांत नीट दिसतं. १९५४ चा शिरूर मठाचा निकाल घ्या. (हे शिरूर पुण्याजवळचं नव्हे, उडुपीच्या अष्टमठांतलं.) धर्माचा गाभा कोणता हे मुख्यतः त्या धर्माच्या शिकवणुकीवरूनच ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ आणि २६ वर बोलायला उभा राहिलेला वकील हा निकाल घेतल्याशिवाय बसत नाही. सातच वर्षांनी, १९६१ मध्ये, अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी त्याच वाटेवर एक वेगळं वळण घेतलं: काही प्रथा नुसत्या अंधश्रद्धेतून आलेल्या, मागाहून चिकटलेल्या असू शकतात, त्या कोर्टानं पारखून घेतल्या पाहिजेत. आधी धर्माला विचारायचं होतं, आता कोर्ट निवडणार. दोन्ही मतांची माणसं आजही शिरूर मठाचंच नाव घेतात. मोजणाऱ्याच्या वहीत मात्र दोन्हीकडची एकेक रेघ सारखीच.

त्याहून मजेची गोष्ट दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्याची. बहिष्काराला बंदी करणारा १९४९ चा मुंबई राज्याचा कायदा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. पाचांपैकी एकटे सरन्यायाधीश सिन्हा म्हणाले, कायदा योग्य आहे. हरलेलं मत. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठानं १९६२ चा तो निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांकडे पाठवला, आणि साठ वर्षांपूर्वीचं एकट्याचं मत पुन्हा चर्चेत आलं. कुठल्या दोन वर्षांच्या खिडकीतून हे दिसणार? मासिकाचं वजन सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर त्याच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या संदर्भांवरच चालतो. कायद्यात दोन वर्षांत तर तारीखही मिळत नाही.

आपल्याकडचंच बघायचं तर एप्रिल २०१६ मध्ये बायका अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या. (मी गेले नाही, गर्दीचा मला कंटाळा.) त्याच महिन्याच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयानं शनिशिंगणापूरच्या याचिकेत महाराष्ट्राच्या १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण सरकारला करून दिली होती. कायदा साठ वर्षं पुस्तकात पडून होता, वापरायची वेळ आली तेव्हा कामाला आला.

आता वैद्यकाकडे वळते, आणि इथं मला घरचं सांगावं लागेल. आमच्या ह्यांना मधुमेह, त्यात तरुणपणीच्या विड्या. २०१९ च्या उन्हाळ्यात उजव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला. व्हॅस्क्युलर सर्जनकडे गेलो. मांडीतली रक्तवाहिनी चिंचोळी झाली होती, बलून घालून उघडायची होती. डॉक्टर तरुण, पण समजावून सांगणारे. म्हणाले, “काकू, औषध लावलेला बलून असतो, त्यानं नळी लवकर पुन्हा बुजत नाही. पण सध्या त्याच्यावर इशारा आलाय, आपण साधाच घेऊ.” घरी येऊन मी ग्रंथपालाच्या खोडीप्रमाणे शोधत बसले. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मासिकात एक विश्लेषण आलं होतं. २८ चाचण्या एकत्र करून त्यांनी म्हटलं होतं, की पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेले बलून आणि स्टेंट मांडीच्या रक्तवाहिनीत वापरले, तर दोन वर्षांनंतर मृत्यू वाढलेले दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये डॉक्टरांना सावध केलं. सुरू असलेल्या चाचण्या थांबल्या. मग उलट बाजूनं काम सुरू झालं. स्वीडनमधल्या २,२८९ रुग्णांच्या चाचणीचे आकडे २०२० च्या शेवटी आले, त्यात मृत्यूंत फरक दिसला नाही. जुलै २०२३ मध्ये त्याच औषध प्रशासनानं सांगितलं, की सगळी माहिती पाहता जास्तीचा धोका दिसत नाही.

त्या २०१८ च्या लेखाला शेकडो संदर्भ मिळाले. त्यात घाबरून दिलेले आले, तपासायला दिलेले आले, खोडून काढायला दिलेलेही आले. आकडा सगळ्यांचा मिळून एकच. खासबाग मैदानात किती माणूस लोटलं होतं ते सांगायचं आणि चितपट कोण झालं ते सांगायचंच नाही, त्यातली ही गत. तो लेख वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यानं प्रश्न उठवला म्हणून तर उत्तर शोधलं गेलं. ह्यांचा पाय वाचला, साध्या बलूनवर, अंगठ्याचं टोक मात्र गेलं.

धर्म, कायदा आणि शस्त्रक्रिया एकाच टेबलावर येतात असंही घडतं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोर सुरू झालं. तेव्हापासून ओळखीचे वकील पुन्हा मला विचारायला लागलेत. एका तरुण वकीलबाईंना हवं होतं: श्रद्धेपोटी रक्त घ्यायला नकार देणाऱ्या सज्ञान रुग्णाचं काय? मी त्यांच्यासाठी जे काढलं त्यात ह्यूस्टनचे डेंटन कूली आणि त्यांचे सहकारी ऑट यांचा १९७७ चा लेख होता. रक्त नाकारणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातल्या रुग्णांवर केलेल्या हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या ५४२ शस्त्रक्रियांचा हिशेब त्यात आहे. त्याच पंथाच्या केरळातल्या तीन मुलांचा, राष्ट्रगीताला उभी राहिली पण गायली नाहीत म्हणून शाळेतून काढल्याचा, १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल होता. रुग्णाला उपचार नाकारता येतो हे मान्य करणारा २०१८ चा कॉमन कॉज निकाल होता, आणि रक्त नको असं लिहून ठेवलेल्या बाईला रक्त दिल्याबद्दल स्पेनविरुद्ध लागलेला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचा सप्टेंबर २०२४ चा निकाल. कूलींचा लेख सर्जन वाचतो तो रक्त न देता शस्त्रक्रिया कशी निभावली हे बघायला. वकील वाचतो ते रुग्णाचा नकार मानूनही शस्त्रक्रिया होऊ शकते हे दाखवायला. आणि बाईंनी तो उद्या युक्तिवादात वापरला, न्यायमूर्तींनी निकालपत्रात घेतला, तरी लेखकाच्या स्कोपसच्या खात्यावर त्याचा एकही संदर्भ चढणार नाही. निकालपत्रं तिथं मोजलीच जात नाहीत.

आता निवड समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या मासिकातल्या लेखाला वाढीव ५ गुण, फॅक्टर दहाच्या वर असेल तर ३०. आपल्याकडची बहुतेक कायद्याची मासिकं त्या पहिल्याच पायरीवर. एका महाविद्यालयात (नाव कशाला) कायद्याच्या एका बाईंनी देवस्थानांच्या कायद्यावर मराठीत उत्तम लेख लिहिला होता. समितीतल्या एकानं तो उघडलाही नाही. मासिकाचं नाव यादीत शोधलं, सापडलं नाही, पुढचं पान. लेख कशाबद्दल आहे हे विचारायला चहाइतका वेळ लागला असता.

मराठीत लिहिलं की असं होतं असं कुणी म्हणेल. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतच याचं मोठं उदाहरण आहे. छातीतल्या महारोहिणीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, एओर्टात) आतून कापडी अस्तराचा स्टेंट बसवण्याचं काम निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये खारकिवला केलं. लिहिलं रशियनमध्ये. अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी पोटातल्या महारोहिणीवर तशा तऱ्हेची शस्त्रक्रिया १९९० मध्ये केली, पुढच्या वर्षी इंग्रजीत लेख आला, आणि बाहेरचं जग कितीतरी वर्षं तिथूनच सुरुवात धरत आलं. पारोदींचं श्रेय त्यांचंच. पण व्होलोदोस यांचे त्या काळातले संदर्भ मोजून कुणी त्यांची बढती ठरवली असती तर?

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं, की आयोगानं फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य मासिकांची आपली केअर यादी बंद केली. मासिकं पारखण्याचे निकष आता संस्थांनी आपले आपण ठरवायचे आहेत. आपल्या भागातली महाविद्यालयं ते ठरवत असतील तर माझी मागणी साधी आहे: अर्जदारानं आपले तीनच लेख द्यावेत, प्रत्येकाचा संदर्भ कुणी, कशासाठी घेतला ते दोन ओळींत लिहावं, विरोधात घेतला असेल तर तेही, आणि समितीतल्या निदान एका माणसानं ते लेख वाचून सही करावी. शंभर लेख मोजण्यापेक्षा तीन वाचणं जड जातं, हे मला ठाऊक आहे.

वाचायला मिळत नाही हीही अडचण खरीच. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये; पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्थांना. म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या संगणकावर जो लेख उघडतो, तो समोरच्या कोर्टातल्या वकिलाला उघडत नाही आणि ह्यांचा पाय वाचवणाऱ्या खासगी सर्जनलाही नाही. १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या सार्वजनिक ग्रंथालयांत या योजनेचा एकेक संगणक ठेवायला काय हरकत आहे, हे आपल्या खासदारांनी दिल्लीत विचारावं.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी दोन टक्क्यांची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढं त्या माणसाच्या एका लेखात काय सांगितलंय आणि तो कुणाला पटलेला नाही, एवढं मराठीत द्या. जागा कमी पडली तर पुष्पगुच्छाचा फोटो लहान करा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
शुक्रवार पेठ, कोल्हापूर