गटारीनंतरचे चार दिवस

महोदय,

गटारीला दारूच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. त्यानंतरच्या चार दिवसांबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस श्रावणासाठी एकदम थांबतो. मनाचा निर्धार चांगलाच, पण शरीराला तो झेपेलच असे नाही, आणि घरच्यांना याची कल्पना नसते.

शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना अंगावर किडे फिरताना दिसतात, आपण कुठे आहोत याचे भान सुटते. नेमके तेव्हाच 'बाहेरचे लागले' म्हणून देवऋषी गाठला जातो. वास्तविक ही तडक रुग्णालयात नेण्याची वेळ असते. पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून काहीही साधत नाही. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन दिले का, हेही बेधडक विचारावे. पिणाऱ्यांच्या शरीरात हे ब-१ जीवनसत्त्व बहुधा कमी असते आणि नुसत्या ग्लुकोजने मेंदूला इजा होऊ शकते.

दुसरा धोका घरच्यांनी डाळीत गुपचूप कालवलेल्या डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या गोळीचा. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो, अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधानेही. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच ही गोळी द्यायची असते. काही औषधवाले ती चिठ्ठीशिवाय देतात, हे चीड आणणारे आहे.

हे सारे पत्रक वाटून पोहोचत नाही. रुग्ण आणि घरच्यांना एकत्र बसवावे, एका बैठकीत दोन-तीनच मुद्दे घ्यावेत आणि "रात्री दोनला फिट आली तर काय कराल?" असे विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकावे. तिथे अडखळले, तर पुन्हा सांगावे. आशा सेविकांना सोबत घेऊन हे काम आषाढातच करता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांकही द्यावा.

आपणही यंदा रांगेच्या छायाचित्राशेजारी या चार दिवसांची चौकट छापावी, ही विनंती.

– व्यसनमुक्ती समुपदेशक, सातारा