ताटात नको म्हणता, ते कधीच वाढले आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'जनुकीय बदल केलेले अन्न ताटात नकोच' अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांची काळजी खरी आहे, पण ते अन्न ताटात येऊन वीस वर्षे उलटली.

मी अकोट तालुक्यातला कापूस उत्पादक. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळी मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या जनुकीय बदल केलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. आज देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटीच आहे. कापूस जिनिंगला गेला की रुईच्या गाठी होतात आणि सरकी, म्हणजे कापसाचे बी, ऑइल मिलला जाते. तिचे तेल रिफाइंड होऊन फरसाणाच्या कढईत उतरते, तेल काढून उरलेली ढेप आमच्या म्हशींपुढे पडते. त्यात भर अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयाबीन तेलाची. तिकडचे सोयाबीन जवळजवळ सगळे जनुकीय बदल केलेलेच. अशा अन्नाच्या वेष्टनावर 'जीएम' छापण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. आमच्या गावातल्या दुकानात मला तरी ती दोन अक्षरे कुठल्या पिशवीवर दिसली नाहीत.

मी स्वतः हे तेल बिनघोर खातो. बीटीचे प्रथिन काम करते ते अळीच्या क्षारयुक्त आतड्यात. माणसाच्या पोटात आम्ल असते, तिथे ते इतर प्रथिनांसारखे पचते, आणि रिफाइंड तेलात तर ते उरतच नाही म्हटले तरी चालेल. पण हा निर्वाळा या एका प्रथिनापुरता. दर पिकाची तपासणी वेगळी व्हायला हवी.

नेमकी तिथेच गोम आहे. आमच्याकडे 'चोर बीटी' सर्रास पेरले जाते. म्हणजे तणनाशक मारले तरी न जळणारी कपाशी. तिला सरकारची परवानगी नाही. जून २०१९ मध्ये आमच्याच तालुक्यात, अकोली जहागीरला, शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरून आंदोलन केले. निंदणाच्या मजुरीने कंबरडे मोडलेल्या माणसाला मी नावे ठेवणार नाही. पण ही सरकी मिलमध्ये वेगळी काढत नाहीत, सगळी एकाच ढिगात पडते. तिच्यावर मारलेल्या ग्लायफोसेट या तणनाशकाचा अंश ढेपेत किती उतरतो, हे आमच्या भागात कुणी मोजल्याचे ऐकले नाही.

याउलट वांग्याचे बघा. बीटी वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशातले शेतकरी ते २०१४ पासून पिकवतात. इथे शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणीवर फवारणी चालूच आहे. आमच्या घरची वांगी परसात वेगळी असतात, बिनफवारणीची, किडका भाग कापून खायची. बाजाराची वेगळी. हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे.

म्हणजे तपासलेले अडले आणि न तपासलेले गुपचूप पोटात गेले. बीटी हवे की नको, हा वाद शहरात खुशाल चालू द्या. तोवर अन्न व औषध प्रशासनाने जिल्ह्यातल्या मिलमधून सरकी, तेल आणि ढेप यांचे नमुने घ्यावेत. त्यांचा अहवाल आला, तर तो आकड्यांसकट आपल्या अंकात छापावा, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक, ता. अकोट, जि. अकोला