अडीच गुंठ्यांसाठी रांग

संपादकसाहेब, स.न.

लेकीकडे इंग्लंडात लेस्टरला दोन महिने राहून आलो, तिकडची थंडी नि पाऊस सगळेच सांगतात पण मला आवडलं ते अलॉटमेंट, म्हणजे कौन्सिल भाड्याने देते तो भाजीचा तुकडा, पूर्ण मापाचा असला तर साधारण अडीच गुंठे. १९०८ चा कायदा आहे त्यासाठी, तरी नंबर लागायला वर्षं जातात म्हणे. लेकीच्या शेजारचा म्हातारा भर पावसात थर्मास घेऊन तिथे बसतो, गोगलगायींना शिव्या घालत, नि येताना आम्हाला घेवड्याच्या शेंगा आणि रुबार्ब (आंबटढाण, अंबाडी आठवली!) द्यायचा.

इकडे आमच्या वाडीत घरामागे दहा-दहा गुंठे रान माजलंय आणि आम्ही सकाळी घाटावरच्या टेम्पोची वाट बघत उभे, दोडका घ्यायला. माकडं-डुकरं आहेत, मान्य. पण पडवळाचा एक मांडवसुद्धा नाही?

– एक वाचक, गुहागर