ठसे जपले, निकालाचे काय?

महोदय,

शाई लावलेल्या बोटांचे ठसे भिंगाखाली ताडून पाहण्याचे दिवस मागे पडले. महाराष्ट्राची ‘अँबिस’ आणि २०२२ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय ‘नाफिस’ या ठसे जुळवणाऱ्या संगणकीय यंत्रणांमुळे परराज्यातील आरोपीचाही माग काढता येतो, हे स्वागतार्हच आहे. मात्र ठसा अचूक जुळूनही त्यापुढची खटल्याची नोंद शिळी असेल, तर यंत्राचा वेग चुकीलाच लाभतो. माझ्या भाच्याच्या चारित्र्य पडताळणीत, सहा वर्षांपूर्वी तो निर्दोष सुटलेला खटला ‘प्रलंबित’ दिसला. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन तीन खेपा घातल्यावर शेरा बदलला (नोकरी तोवर गेली होती).

२०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार ठशांसारख्या ओळखीच्या नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. परंतु पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर निर्दोष ठरल्यास, न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर त्या नष्ट करावयाच्या आहेत. हे निकालच वेळेवर पोहोचत नसतील, तर नोंदी नष्ट कोण करणार? ठशांचे काम पाहणाऱ्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यातच आहे. शिवाजीनगर न्यायालयातील निकाल संबंधित पोलीस नोंदीत परस्पर चढवण्याची, मुदतीसह व्यवस्था येथूनच सुरू करावी.

— एक वाचक, कोथरूड, पुणे