सुध्या, दादा खरंच हसायचा का?

सातारा, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी एकही परत केला नाही. चिडला असशील तर चीड. शुगर आहे तशीच आहे, आई बरी आहे.

लिहितोय ते ओमसाठी. परवा नेट्सवर सरांनी मला बाजूला घेतलं. ‘पोरगा गुणी आहे हो, पण हाक ऐकू येत नाही. धाव घेताना घोळ होतो. टीममध्ये नाही जमायचं.’ ओम लांबून सरांच्या ओठांकडेच बघत होता. घरी आल्यावर ग्लोव्हज त्याने स्वतःच माळ्यावर टाकले.

झोप येईना म्हणून वाचत बसलो, तर तुझ्या ओहायोतलाच एक माणूस भेटला. विल्यम हॉय, जन्म १८६२. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वरात कान गेले. मूकबधिरांच्या शाळेत पहिला आला, बुटांचं दुकान चालवलं आणि दुकानाबाहेर पोरांशी खेळता खेळता थेट व्यावसायिक बेसबॉलमध्ये! तेव्हा अंपायर स्ट्राइक (बॅटरच्या पल्ल्यातला चेंडू) की बॉल (पल्ल्याबाहेरचा) ते नुसतं ओरडून सांगायचा. हा कोचकडे वळून विचारेपर्यंत पिचर पुढचा चेंडू टाकून मोकळा. मग ऑशकॉशच्या टीममध्ये असताना यानेच कोचला सांगितलं, तिसऱ्या बेसपाशी उभा राहा. स्ट्राइक असेल तर उजवा हात वर कर, बॉल असेल तर डावा. एवढंच लागत होतं रे! १८८८ मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्याच वर्षी ८२ बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकतोय तोवर पळून पुढचा बेस गाठायचा. नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत जास्त. पुढच्या वर्षी एकाच सामन्यात आउटफील्डमधून चेंडू फेकून होम प्लेटवर तिघांना बाद केलं. टाळ्या त्याला ऐकू यायच्या नाहीत, म्हणून लोक टोप्या हलवायचे. हे वाचून मी उठून पाणी प्यायलो.

पण त्याला सगळे ‘डमी’ म्हणायचे. म्हणजे आपलं ‘मुक्या’च. आणि कुणी विल्यम म्हटलं, तर तोच सांगायचा, डमी म्हण. इथे मी अडकलोय. दादाला मी मुक्या म्हणालो म्हणून तू विहिरीपाशी माझं नाक फोडलंस, आणि रक्त बघून स्वतःच रडत सुटलास. तरी दादा हसत होता. तो खरंच हसायचा का रे? नेट्सवरची पोरं ओमला बहिऱ्या म्हणतात, तोही हसतो. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

वहिनींच्या नोकरीचं काय झालं? चिनू दहावीला ना यंदा?

हॉय ९९ वर्षं जगला. ऑक्टोबर १९६१ मध्ये तुमच्याच सिनसिनाटीत वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे बेसबॉलच्या वर्षाच्या अंतिम मालिकेच्या, एका सामन्याचा मानाचा पहिला चेंडू त्याने टाकला, डिसेंबरात गेला. हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, अजून घेतलेलं नाही त्याला. मला त्याचा राग येतो.

आज संध्याकाळी ओमला गच्चीवर नेलं. उजवा हात वर म्हणजे पळ, डावा म्हणजे थांब. अंधार पडेपर्यंत पळत होता. ग्लोव्हज अजून माळ्यावरच आहेत.

दादाचं तेवढं लिही. फोन नको, लिहीच.

तुझा,
बंड्या