आई, कुंड्या देऊन टाकू नकोस

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

समोरच्या नव्या इमारतीमुळे बाल्कनीतलं ऊन गेलं, क्रोटनची पानं नुसती हिरवी पडायला लागली, आणि आई आता सगळ्या कुंड्या देऊन टाकायच्या म्हणते आहे, हे बाबांकडून कळलं. आई, एवढ्यात देऊ नकोस. क्रोटनला रंग धरायला ऊन लागतंच, तुझ्या निगराणीत काही कमी पडलेलं नाही. पण सावलीतही बाग होते. मी ती इथे रोज बघते.

मँचेस्टरच्या आमच्या घराचं परस उत्तरेच्या अंगाला आहे. एका बाजूला घराची भिंत, दुसरीकडे शेजारच्या मोठ्या झाडाची सावली. हिवाळ्यात तिथे ऊन पोचतच नाही. गुलाबाला तिथे काहीच मिळालं नसतं, म्हणून मी ऑक्युबा लावला. व्हिडिओ कॉलवर ‘अगं, तिकडे क्रोटन कसं जगलं?’ असं तू ज्याच्याबद्दल विचारलंस, ते हेच. जाड, चकचकीत हिरवी पानं आणि त्यांवर सोनेरी शिंतोडे. क्रोटनशी नातं काहीच नाही, स्वभावही उलटा. कडक उन्हात याची पानं करपतात, सावलीत खुलतात.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. हे झुडूप मूळचं जपानकडचं. इंग्लंडमध्ये ते १७८३ मध्ये आलं, पण आली ती फक्त मादी झाडं. याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. इथे सगळ्यांनी त्याच मादी झाडांच्या फांद्या खोचून नवी रोपं केली, त्यामुळे पाऊणशेहून जास्त वर्षं कुणालाच त्याचं फळ बघायला मिळालं नाही. १८६०-६१ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून जपानला गेला आणि नर झाड घेऊन आला. चिनी चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणणारा फॉर्च्यून तो हाच. मग कुठे इथल्या झाडांना लालभडक फळं धरली. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहरांतही हे झुडूप तग धरायचं, म्हणून त्या काळच्या घरांपुढे ते सर्रास दिसे. पुढे लोकांना त्याचा कंटाळा आला, काही जण अजूनही त्याला उदासवाणं म्हणतात. मला ते पटत नाही. डिसेंबरात आजूबाजूला सगळ्या काड्या उरलेल्या असताना, पानांनी भरलेलं आणि एवढा उजेड देणारं दुसरं झाड मला तरी माहीत नाही.

त्याचं करावं लागतं फार थोडं. माती कसलीही चालते, फक्त पाणी साचता कामा नये. मुळं सारखी ओली राहिली तर कोवळे शेंडे काळे पडतात. मी दरवर्षी बुंध्याशी कुजलेल्या पानांचा थर देते. छाटणी वसंतात, सिकेटरने एकेक फांदी बघून. कुंपणाच्या मोठ्या कात्रीने सरसकट कापलं की मोठी पानं अर्धवट तुटतात आणि कडा तपकिरी होऊन वाईट दिसतात. उन्हाळा सरताना फांद्या खोचल्या की सहज मुळं फुटतात, हे तर तुझ्या हातचंच काम. फळं मात्र खायची नाहीत, पोटाला बाधतात. हे मी चिनूला पक्कं सांगून ठेवलं आहे.

आणि आई, मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटात पाच प्रकारच्या डहाळ्या लागतात ना? इथे त्या दिवसांत आंब्याचा डहाळा कुठला मिळायला! मी परसातल्या सदाहरित झाडांच्या घेते, त्यात ऑक्युबाची असतेच. पाण्यात ती कितीतरी दिवस ताजी राहते. गेल्या वेळी लाल फळांसकट ठेवली होती, घट फार सुंदर दिसला.

पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ऑक्युबा टिकायचा नाही, तेव्हा तो शोधत बसू नकोस. तुझ्या बाल्कनीत शेफ्लेरा, रॅपिस पाम आणि ड्रसीना छान होतील, ऊन थेट आलं नाही तरी त्यांना चालतं. उजेड मात्र हवा, म्हणून कुंड्या कठड्याजवळ ठेव. सावलीत माती लवकर वाळत नाही, तेव्हा बोट घालून बघितल्याशिवाय पाणी घालू नकोस. क्रोटन गच्चीवर नेता आलं तर ने, नाहीतर खालच्या काकूंच्या अंगणात ठेव, तिथे दुपारचं ऊन असतं. बाबा, कुंड्या हलवायला सोसायटीच्या माळीदादांना बोलवा, तुम्ही कंबर वाकवून उचलू नका.

सकाळी दहाला आणि दुपारी दोनला बाल्कनीचे फोटो काढून पाठवा. कुठे कोणती कुंडी ठेवायची ते रविवारी फोनवर ठरवू.

तुमची,
लेक